साधं पाणी, मिठाचं पाणी

शिरोलीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की ऊस संपतो आणि पत्र्याच्या शेडी सुरू होतात. त्यांतली चौथी शेड संगमेशची. शेडीपुढं ठिबकच्या काळ्या नळ्यांची भेंडोळी, फुटके क्रेट, खताचे रिकामे कॅन, दह्याच्या डब्यांची झाकणं आणि मोडक्या खुर्च्या यांचा ढीग कायम माणूसभर उंच असायचा. शिरोळकडून ट्रॅक्टर येऊन तो वाढवून जायचे आणि आत बसलेल्या पाच बायका दिवसभर निवडून तो कमी करायच्या. निवडलेला माल दळायचा, वितळवायचा आणि त्याचा बारीक दाणा करून पुण्याच्या एका क्रेट बनवणाऱ्या कंपनीला पाठवायचा, असा संगमेशचा धंदा होता. वडिलांच्या हातून तो त्याच्याकडं आलेला, आणि तो बुडू नये एवढीच त्याची देवाकडं मागणी असायची.

शिवलीला तिथं आली ती अठरा पानांचा फॉर्म घेऊन. रसायनशास्त्र शिकलेली, पस्तिशीची, कमी बोलणारी बाई. प्लॅस्टिकचा तुकडा यंत्रात घातला की पडद्यावर उमटणारी रेघ बघून तो कशाचा आहे हे सांगण्यात तिची दहा वर्षं गेली होती. आता तिच्या संस्थेकडं वेगळंच काम आलं होतं. प्लॅस्टिक हवेला, पाण्याला, मातीला किती जड जातं याची मोजदाद सगळेच करतात. ते माणसांना किती जड जातं, याची मोजदाद करायची होती. बनवणाऱ्यांना, वापरणाऱ्यांना आणि शेवटी ते निवडत बसणाऱ्यांना. कामाचे तास, पिण्याचं पाणी, संडास, आरोग्य, बोलायची मुभा, अशा प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण द्यायचे. पुण्याच्या कंपनीनं तसा कागद मागितला होता. कागद बरा आला तर संगमेशचा दाणा पुढंही घेणार, नाहीतर दुसरीकडं बघणार.

त्यामुळं संगमेश तिला पहिल्या दिवशी संडासाला नुकताच दिलेला रंग दाखवायला घेऊन गेला. रंग अजून ओला होता. तिच्या ओढणीला तो लागला, तेव्हा बिचाऱ्याला कुठं तोंड लपवू असं झालं.

बायका काम करायच्या ती पद्धत शिवलीलानं पुस्तकात वाचली होती, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होती. पुष्कळसा माल त्या हाताला लागताच ओळखायच्या. वाकवून, नखानं ओरखडून, फरशीवर टाकून आवाज ऐकून. जो कळायचा नाही त्याचा कोपरा लाइटरनं पेटवायचा, लगेच फुंकर मारून विझवायचा आणि वर येणारी धुराची रेघ हुंगायची. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर तो नळ्यांचा, कॅनचा मऊ माल. झेंडूच्या फुलासारखा आला तर दह्याच्या झाकणांचा कडक माल. नाक झोंबलं तर पाइपाचा, तो लांब टाकायचा, कारण त्याचा एक तुकडा चुकून भट्टीत गेला तरी सगळा घाणा पिवळा पडतो. जरा जास्त वेळ जाळून बघितलं तर काजळीवरूनही फरक कळतो, पण दिवसाला हजार तुकडे हाताखालून जातात. पेटवायचं, फुंकायचं, हुंगायचं, टाकायचं. तेवढाच वेळ.

आणि या हुंगण्यात सगळ्यांत वरचढ होती चाँदबी. साठीला टेकलेली, दाराजवळच्या उजेडातल्या पाटावर बसणारी. बावीस वर्षं ती जागा तिची. बाकीच्या चौघींना तिनंच शिकवलं होतं. अडलेला तुकडा शेवटी तिच्यापुढं यायचा आणि ती सांगेल ते खरं. संगमेशचे वडील तिला नाकच म्हणायचे. आमच्या शेडीचं नाक, अशी पाहुण्यांना ओळख करून द्यायचे. तिच्या शेजारी अंबूबाई, तिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ. चाँदबीचा शब्द शेवटचा असतो याचं तिला कौतुकही होतं आणि थोडं खुपतही होतं.

शिवलीलानं एकेकीला बाजूला बसवून प्रश्न विचारले. तब्येत कशी? बरी हाय. खोकला? न्हाय. डोळे चुरचुरतात? त्ये काय सगळ्यांचंच चुरचुरत्यात की. अंबूबाईनं तर तिलाच उलट विचारलं, "म्याडम, तुमाला चष्मा कशानं लागला? वाचून वाचूनच न्हवं? मग तुमच्या हापिसाला कुनी गुण दिलं?"

शिवलीला हसली आणि खरंच कुणी दिले नाहीत, असं म्हणाली.

दुपारी डबे उघडले की चाँदबी आपला डबा आधी तिच्यापुढं सरकवायची. आधी तू घे, मग मी. शिवलीला संकोचून एक घास घ्यायची, छान झालंय म्हणायची, आणि मगच चाँदबी भाकरी मोडायची. पाहुणीचा मान ठेवण्याची इथली रीत असेल, असं शिवलीलाला वाटलं. तिची आई गडहिंग्लजची, तिकडंही पाहुण्याआधी कुणी घास घेत नाही.

दुसऱ्या खेपेला तिनं मास्क आणले. साधे नव्हेत, वाफ आणि वास अडवणारे, आत कोळशाची चकती असलेले. बायकांनी ते हौसेनं लावले आणि पाच मिनिटांत गळ्यात उतरवले. मास्क लावला तर वास कसा कळणार, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. एकटी चाँदबी मास्क लावून बसली. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, नाकावरून जरासुद्धा न ढळू देता. शिवलीलाला फार बरं वाटलं. तिनं फॉर्मवर लिहिलं: ज्येष्ठ कामगार स्वतःहून मास्क वापरतात, अनुकरणीय. त्या ओळीला तिनं पाचपैकी चार गुण दिले.

आपण काय लिहून बसलो, हे तिला आठ दिवसांनी कळलं.

खंडेनवमी होऊन गेली होती. दळायच्या यंत्राला घातलेला झेंडूचा हार वाळून तपकिरी झाला होता. शिवलीलाला वाटलं, नुसतं बघून लिहिण्यापेक्षा एकदा स्वतः करून बघावं. ती चाँदबीशेजारी बसली, तुकडा घेतला, पेटवला. फुंकर घालायला तिला अर्धा क्षण उशीर झाला. वितळलेला थेंब तिच्या बोटावर पडला. चाँदबीच्या पाटाशी दोन पाण्याची भांडी कायम असायची, एक ॲल्युमिनियमचं पातेलं आणि एक आइस्क्रीमचा जुना डबा. हात धुवायला ठेवतो, असं ती सांगायची; इकडच्या बायका स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात. शिवलीलानं जळतं बोट डब्यात बुडवलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बोट थंड व्हायच्या ऐवजी आग आग झालं.

चाँदबीनं झटकन तिचा हात धरून पातेल्यातल्या पाण्यात घातला. कुणी बघितलं नाही ना, म्हणून दारापासून आतपर्यंत नजर टाकली.

शिवलीलानं ओठाला बोट लावून बघितलं. मीठ. साधं चिमूटभर नव्हे, विरघळेल तेवढं सगळं मीठ त्या डब्यात होतं.

हात धुवायच्या पाण्यात कुणी एवढं मीठ घालत नाही. ती तशीच बसून बघत राहिली. चाँदबी पुढ्यात आलेला तुकडा पेटवायची, विझवायची, मास्कपाशी नेऊन हुंगल्यासारखं करायची. मग हात धुवायच्या निमित्तानं तुकडा पातेल्यात बुडवायची. तरंगला तर मऊ माल. बुडाला तर डब्यात. मिठाच्या पाण्यात वर आला तर झेंडूचा, तळाशी गेला तर पाइपाचा. हे इतकं झरझर व्हायचं की बघणाऱ्याला म्हातारीला हात धुवायची खोड आहे असंच वाटावं. मध्येच ती अंबूबाईच्या ढिगातलाही एखादा तुकडा उचलायची, पातेल्यात घालायची आणि गुपचूप दुसऱ्या ढिगात टाकायची.

शिवलीलानं हे प्रयोगशाळेत केलं होतं. घनतेवरून प्लॅस्टिक वेगळं करणं, पहिल्या वर्षाचा प्रयोग. त्यासाठी काचेच्या नळ्या होत्या आणि वर्गात मार्गदर्शक होते. आणि ज्या मास्कमधून वास येऊच शकत नाही, तो मास्क लावून ही बाई वास ओळखत होती. या मास्कला तिनं चार गुण दिले होते. स्वतःचीच तिला लाज वाटली.

दुपारी दोघी नळापाशी भांडी धुवायला गेल्या, तेव्हा शिवलीलानं हळूच विचारलं, "चाची, कधीपासून?"

चाँदबीनं राखेनं डबा घासायचा थांबवला नाही. 

"तीन वरसं झाली. आधी मेणबत्तीचा गेला, मग झेंडूचा. पाइपाचा अजून झोंबतोय, पर वास म्हून न्हाय. नुसती आग."

तिचं माहेर गगनबावड्याकडचं, भाताचं. पेरणीआधी तिचे अब्बा मोठ्या घंगाळात मिठाचं पाणी करायचे. त्यात अंडं सोडायचे. अंडं वर आलं की पाणी तयार. मग त्यात भाताचं बी ओतायचं. पोचट दाणे वर, भरलेले खाली. नाक गेल्यावर पहिले चार महिने ती अंदाजानं निवडायची, रात्री झोप लागायची नाही. मग एक दिवस घरी तांदूळ धुताना तिला ते घंगाळ आठवलं.

 ती पुढं म्हणाली, शाहिस्ताच्या, म्हणजे नातीच्या डोक्याला ती रोज तेल लावते. पूर्वी केस हातात घेतले की शाळेचा, उन्हाचा, पोरीचा वास यायचा. आता नुसते केस हातात येतात.

आणि मग डबा विसळत ती म्हणाली, "लिवू नगंस, पोरी. मला दाराची जागा सोडाय लावशील. पत गेली की मानूस उरतंय व्हय?"

शिवलीलानं लिहिणार नाही असं सांगितलं नाही आणि लिहीन असंही सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली की तुम्हाला विचारल्याशिवाय काही लिहिणार नाही. रोज तो डबा आपल्यापुढं आधी का सरकतो, हे तिला तेव्हा कळलं. भाजी उतरून आंबली आहे की नाही, हे चाँदबीला स्वतःला कळत नव्हतं.

राजारामपुरीतल्या खोलीवर येऊन तिनं फॉर्म पुढ्यात घेतला. मास्कची ओळ खोडली. आरोग्याचा रकाना उघडला आणि तो रिकामाच राहिला. तक्रार नाही, असं लिहिणं म्हणजे धुराची तरफदारी करणं. खरं लिहिणं म्हणजे पाच बायकांतली ती कोण, हे संगमेशला एका नजरेत कळणार. नावं लिहायची नाहीत असा नियम होता, पण पाच जणींत नाव कसलं लपतंय. दुसऱ्या दिवशीही तिनं रकान्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी फॉर्मच्या शेवटच्या पानावर तिची नजर गेली. अहवाल पाठवण्यापूर्वी तो कामगारांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. ही ओळ संस्थेतलं कुणीच पाळत नसे, वेळ जातो म्हणून. शिवलीलानं ठरवलं, पाळायची. रकाना रिकामा ठेवूनच वाचायचा आणि काय लिहू ते विचारायचं. ज्यांचं आहे त्यांनी सांगावं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाचही जणी गोल बसल्या. संगमेश यंत्र बंद करून दाराशी उभा राहिला. शिवलीला वाचत गेली. पाण्याला चार गुण, बरोबर का? बरोबर. संडासाला चार. अंबूबाई म्हणाली, रंगाचा एक जादा धरा. सगळ्या हसल्या, संगमेशसुद्धा हसला. बोलायच्या मुभेला तीन. त्यावर कुणी काही बोललं नाही, तेव्हा संगमेशनंच मान खाली घालून बरोबर हाय म्हटलं.

मग शिवलीला म्हणाली, "आरोग्य. इथं मी काही लिहिलेलं नाही. धूर रोज नाकात जातो. त्यानं कुणाला काही झालंय का, ते तुम्ही सांगाल तसं लिहीन. नाही सांगितलं तर लिहीन, की सांगितलं नाही."

चाँदबी फरशीकडं बघत होती. बाकीच्या एकमेकींकडं. शेवटी अंबूबाई सरसावली. काय व्हायचंय, ती म्हणाली. नाकच आमची हत्यारं, त्यांना काय धाड भरलीय. लिवा, तक्रार न्हाय. आणि नुसतं म्हणून न थांबता तिनं पुढ्यातलं एक पांढरं झाकण उचललं, कोपरा पेटवला, फुंकला आणि हुंगून सगळ्यांपुढं धरलं.

"ह्ये बघा. मेणबत्ती. येकदम मऊ माल." आणि तिनं ते मऊ मालाच्या ढिगात टाकलं.

शिवलीला तिच्यापासून दोन हातांवर होती. तिच्यापर्यंत धुराची रेघ आली आणि तिला स्पष्ट वास आला. झेंडूचा. पलीकडच्या तिघींनाही आला असणार, कारण तिघींनी एकदम मान वळवून अंबूबाईकडं बघितलं आणि लगेच फिरवली.  संगमेशच्याही कपाळाला आठी पडली.

अंबूबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे एकेकीवरून फिरू लागले. काय चुकलं ते तिला कळत नव्हतं, काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं. मग तिनं घाईनं यंत्राकडं हात केला. "त्यो वास म्हंतासा व्हय? त्यो हाराचा. झेंडू हाय न्हवं त्यात."

हार आठ दिवसांचा वाळलेला होता. त्याला कसलाच वास उरला नव्हता, आणि हे नाक असलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

शिवलीलानं चाँदबीकडं बघितलं. चाँदबीला झेंडूचा वास आला नव्हता. पण अंबूबाईनं काय उचललं आणि काय म्हणून टाकलं, हे तिनं बघितलं होतं, आणि असं होतंय हे तिला कितीतरी दिवस माहीत होतं. रोज अंबूच्या ढिगातून ती जे तुकडे गुपचूप काढून घेत होती, ते हेच.

ती उठली. मऊ मालाच्या ढिगातून झाकण काढलं आणि पातेल्यातल्या साध्या पाण्यात सोडलं. ते तळाशी गेलं. मग ते काढून मिठाच्या पाण्यात सोडलं. ते वर आलं. हे तिनं लपवून केलं नाही, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश केलं. मग अंबूबाईच्या शेजारी, तिच्या मांडीला मांडी लावून बसली.

"मला बी येत न्हाय, अंबू," ती म्हणाली. "तीन वरसं झाली. ह्या पान्यावर चाललंय माझं समदं."

अंबूबाईनं तिच्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "तीन? आनि मी तुझ्या तोंडाकडं बघून वळखीत हुतो गं. तुझ्या कपाळाला आठी पडली की पाइप, न्हाय पडली की झेंडू."

"आनि आज बघितलं न्हाइस व्हय?"

"आज मिजास केली की."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येत नाही. पण हसता हसता अंबूबाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि चाँदबीनं तिच्या पाठीवर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही.

"लिव्ह आता," चाँदबी शिवलीलाला म्हणाली. "माझं नाव घालून लिव्ह."

शिवलीला म्हणाली, नाव घालता येत नाही. कामगार क्रमांक एक, क्रमांक दोन, असंच लिहायचं असतं.

"मग येक नंबर माझाच," चाँदबी म्हणाली. "बावीस वरसं हाय त्यो."

शिवलीलानं आरोग्याला पाचपैकी एक गुण लिहिला आणि कारण लिहिलं. संगमेशचा चेहरा उतरला. एक म्हटल्यावर कंपनी दारात उभं तरी करेल का, त्यानं विचारलं. शिवलीलानं त्याला खोटा धीर दिला नाही. तिला खात्री नव्हती. ती एवढंच म्हणाली की उपाय लिहिला तर मुदत मिळू शकते, आणि उपाय आधीच या शेडीत तीन वर्षं चालू आहे. तिनं चाँदबीला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं आणि तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. पाणी किती, मीठ किती, अंडं कुठवर वर यायला पाहिजे. फॉर्ममध्ये कामगारांच्या अकलेला रकाना नव्हता. तिनं अठराव्या पानाच्या मागं लिहिलं.

 मग संगमेशच्या अडचणी सुरू झाल्या. ओला माल दळायला चालणार नाही, वाळवायला जागा लागणार. खुर्च्यांच्या प्लॅस्टिकात खडूची पूड मिसळलेली असते, त्या मऊ मालाच्या असून बुडणार. चाँदबीनं मान डोलावली. खुर्च्या फसवतात, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं; त्या ती फरशीवर आपटून ओळखायची, कान शाबूत होते तिचे.  हे ऐकताना संगमेशला काय आठवलं कुणास ठाऊक, म्हणाला, "चाची, आबांनी तुमाला नाक म्हटलं, त्ये चुकलंच म्हनायचं."

"न्हाय चुकलं," चाँदबी म्हणाली. "तवा हुतं की."

कंपनीनं चार महिन्यांची मुदत दिली. चारनंतर काय, ते अजून कुणाला माहीत नाही. पण शेडीत आता दोन निळी पिंपं आडवी कापून ठेवली आहेत, एक साध्या पाण्याचं, एक मिठाचं. मिठाच्या पिंपात सकाळी अंडं सोडून बघायचं काम चाँदबीचं, दाराच्या जागेवरून उठून. लाइटर संगमेशनं कपाटात ठेवला. तिघींची नाकं शाबूत आहेत, ती तशी राहावीत म्हणून डॉक्टरांची तपासणी झाली. चाँदबीचं आणि अंबूबाईचं परत येईल का, असं शिवलीलानं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, धूर थांबला तर थोडं येतं कधीकधी. कधीकधी नाही येत.

मुदतीच्या दुसऱ्या महिन्यात शिवलीला पाहणीला गेली. आवारात दोऱ्यांवर काळ्या नळ्यांचे तुकडे वाळत होते. वही काढायच्या आत जेवणाची वेळ झाली आणि चाँदबीनं डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. त्याला लागून दुसरा डबा आला, अंबूबाईचा.

"हुंग," अंबूबाई म्हणाली. "दोनी हुंग. आनि खरं सांग, तुझ्या फॉर्मावानी."

शिवलीलानं एकेक डबा हातात घेतला, नीट हुंगला. अंबूबाईची वांग्याची भाजी ताजी होती. चाँदबीच्या आमटीला आंबूस वास येत होता, पुसट, पण येत होता. तिनं तसं सांगितलं.

चाँदबीनं आमटी बाजूला ठेवली. अंबूबाईनं आपली वांगी दोन ठिकाणी केली.